अंतिम सामन्याचा धांवफलक कसा वाचावा?

रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा निकाल लागला, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आपल्या घरांतून एक निराळाच सामना सुरू होतो. वडील वर्तमानपत्र उघडून धांवफलक वाचीत असतात. मुलगा तोच धांवफलक आधींच तोंडपाठ करून बसलेला असतो. आणि वाद एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो, कीं सामना जिंकून दिला कोणीं? मुलगा कागदावरचा सर्वांत मोठा आंकडा पुढें करतो आणि वडील मान हालवितात. दोघांचेंही म्हणणें कांहीं अंशीं खरें असतें. हा वाद मिटविण्याचा माझा विचार नाहीं. तो कोणत्या आधारावर करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

विषय करमणुकीचा दिसतो. पण त्यांत न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो गोंदियाकडे पाहिलें म्हणजे स्पष्ट होतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. भाताच्या बांध्या, धानाच्या गिरण्या आणि हावडा-मुंबई मार्गावरील गजबजलेलें जंक्शन, अशी त्याची ओळख. विदर्भाच्या क्रिकेट संघाचें मैदान मात्र नागपूरजवळ जामठ्यास; आणि गोंदियाहून नागपूर रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटर पडतें. आतां समजा, या जिल्ह्यांतील एखाद्या मुलानें दुपारच्या उन्हांत, खडबडीत खेळपट्टीवर, संघाचा डाव कोसळत असतां चाळीस धांवा काढल्या. त्या पाहावयास दहा-वीस माणसें असतील. खेळाडूंची निवड करणारी मंडळी तेथें नसते. त्यांच्या हातीं पडतो तो कागद, आणि कागदावर ‘४०’ एवढेंच असतें. शेजारच्या कागदावर दुसऱ्या कोणा मुलाच्या ‘९०’ असतात. शहरांतील मुलाकडे पुनःपुन्हां पाहणारे जाणते डोळे असतात. दूरच्या मुलाला साक्षीदार एकच, तो म्हणजे धांवफलक. या साक्षीदाराची भाषा आपणांस नीट कळली नाहीं, तर अन्याय होतो, आणि तो झाल्याचें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

हा कागद तयार कसा होतो, तें प्रथम पाहूं. मैदानाच्या कडेला गुणलेखक बसलेले असतात. पडलेला प्रत्येक चेंडू दोन ठिकाणीं मांडला जातो. एकदां फलंदाजाच्या खातीं आणि एकदां गोलंदाजाच्या खातीं. धानाच्या व्यापाऱ्याच्या वहींत जमा आणि नांवें यांचा मेळ बसावा लागतो, तसाच येथेंही. सर्व फलंदाजांच्या धांवा आणि अवांतर धांवा यांची बेरीज एका बाजूस. गोलंदाजांनीं दिलेल्या धांवा आणि बाय, लेगबाय यांची बेरीज दुसऱ्या बाजूस. दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय गुणलेखकाची सुटका नाहीं. वाईड व नोबॉल यांच्या धांवा आजच्या पद्धतीनें गोलंदाजाच्या माथीं पडतात. बाय व लेगबाय पडत नाहींत. धांवबाद झालेला गडी कोणत्याच गोलंदाजाच्या खातीं जमा होत नाहीं. हातून सुटलेल्या झेलाला तर धांवफलकावर रकानाच नाहीं. ज्या गोलंदाजाच्या चेंडूवर तीन झेल सुटले, त्याच्या नांवापुढें शून्य बळी दिसतात, आणि तें शून्य हिशेबानें अगदीं बरोबर असतें. आंकडा खोटें बोलत नाहीं. पण त्याला विचारलें तेवढेंच तो सांगतो. म्हणून त्याला कोणते प्रश्न विचारावे, हें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें.

पहिला प्रश्न असा, कीं हा आंकडा एकंदर बेरजेचा कितवा भाग आहे? याचें सर्वांत ठळक उदाहरण १९४३ च्या डिसेंबरांतील आहे. मुंबईस ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना होता. हिंदू संघ एका बाजूस आणि ‘इतर’ या नांवाचा संघ दुसऱ्या बाजूस. हिंदू संघानें ५ बाद ५८१ धांवांवर डाव घोषित केला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. उलट ‘इतर’ संघ १३३ धांवांत आटोपला आणि फॉलोऑन घेऊन पुन्हां खेळावयास आला. दुसऱ्या डावांत त्यांच्या ३८७ धांवा झाल्या, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. शंभर धांवांत जवळजवळ ऐंशी! तरीही संघ एक डाव आणि ६१ धांवांनीं हरला. मोठ्या वैयक्तिक आंकड्याचा महिमा आणि त्याची मर्यादा या एकाच धांवफलकावर शेजारीं शेजारीं दिसतात.

पण त्याच कागदावर आणखी एक आंकडा आहे, तो सहसा कोणी वाचीत नाहीं. हजारे यांचे बंधु विवेक यांनीं त्या डावांत २१ धांवा केल्या. एकवीस ही संख्या कोणत्याही विक्रमाच्या यादींत शिरणार नाहीं. परंतु या दोघां भावांची भागी ३०० धांवांची झाली. विवेक दुसऱ्या टोकाला उभे राहिले नसते, तर ३०९ ला जागाच उरली नसती. विक्रमाचें श्रेय ज्याचें त्याला द्यावेंच; पण प्रत्येक विक्रमाला दुसरें टोक असतें, हें विसरूं नये.

दुसरा प्रश्न : ही गोष्ट दुर्मिळ आहे, कीं निर्णायक आहे? हे दोन गुण एकत्र येतात तेव्हां आनंदच. पण ते एक नव्हेत. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत सलग तीन चेंडूंवर तीन बळी, म्हणजे हॅट्‌ट्रिक, प्रथम घेतली ती तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम् यांनीं, १९७२-७३ च्या हंगामांत, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, मुंबईविरुद्ध. मुंबईच्या धांवा झाल्या १५१ आणि ११३. म्हणजे गोलंदाजांनीं आपलें काम चोख केलें होतें. पण तामिळनाडूचे दोन डाव ८० आणि ६१ धांवांत संपले, आणि मुंबई १२३ धांवांनीं जिंकली. पद्माकर शिवलकर यांनीं पहिल्या डावांत १६ धांवांत ८ आणि दुसऱ्या डावांत १८ धांवांत ५ बळी घेतले होते. दुर्मिळ पराक्रम एका संघाकडे राहिला आणि करंडक दुसऱ्याकडे गेला.

यानंतर अंतिम सामन्यांत अशी दुसरी हॅट्‌ट्रिक होण्यास पंचेचाळीस हंगाम लागले, आणि ती केली आपल्या विदर्भाच्या रजनीश गुरबाणी यानें. सामना इंदूरच्या होळकर मैदानावर २९ डिसेंबर २०१७ पासून दिल्लीविरुद्ध झाला. गुरबाणीनें विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांना एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर त्रिफळाबाद केलें, आणि स्वतःच्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर ध्रुव शोरे याचा त्रिफळा उडविला. मध्यें दुसऱ्या गोलंदाजाचें षटक गेलें तरी हॅट्‌ट्रिक मोडत नाहीं. मोजावयाचे ते त्याच गोलंदाजाचे लागोपाठचे चेंडू. शोरे १४५ धांवांवर बाद झाला. दिल्लीच्या २९५ धांवांपैकीं जवळजवळ निम्म्या त्याच्या होत्या. त्याचा बळी हाच त्या तिघांत सर्वांत मोलाचा. गुरबाणीचे ५९ धांवांत ६ बळी झाले. पण निर्णय पुरा झाला तो अक्षय वाडकर याच्या १३३ धांवांमुळें. विदर्भानें ५४७ धांवा करून २५२ ची आघाडी घेतली, दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपविला आणि ९ गडी राखून सामना जिंकला. १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत खेळणाऱ्या विदर्भाला करंडक प्रथमच मिळाला. हॅट्‌ट्रिक लक्षांत राहते. पण तिला करंडकापर्यंत नेलें तें या आघाडीनें.

तिसरा प्रश्न वेळेचा : हा आंकडा संघाच्या कोणत्या अवस्थेंत उभा राहिला? २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५ या दिवसांत जामठ्यास विदर्भ आणि केरळ यांचा अंतिम सामना झाला. विदर्भाचे पहिले तीन गडी २४ धांवांत गेले होते. तेथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनीं २१५ धांवांची भागी केली. मालेवारच्या १५३ झाल्या. नायर ८६ वर धांवबाद झाला, म्हणून तो बळी केरळच्या कोणत्याही गोलंदाजाच्या खातीं नाहीं. विदर्भाच्या ३७९ झाल्या. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि त्यांचा डाव ३४२ वर थांबला. सामना अनिर्णित राहिला, तेव्हां नियमाप्रमाणें पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. ९८ हा आंकडा शतकांच्या यादींत जात नाहीं. पण त्या सदतीस धांवांचा विचार करतांना त्याच्याकडे वळूनच पाहावें लागतें. आणि ३ बाद २४ या धांवसंख्येवर खेळलेल्या १५३ ची किंमत, ३ बाद ३०० वर खेळलेल्या १५३ हून निराळी आहे, हें सांगावयास नकोच.

याच सामन्यांत विदर्भाच्या हर्ष दुबे यानें हंगामांतील बळींची संख्या ६९ वर नेली. एका रणजी हंगामांतील हा सर्वाधिक आंकडा ठरला. यापूर्वींचा आंकडा बिहारच्या आशुतोष अमन याचा, २०१८-१९ मधील ६८. येथें चौथा प्रश्न येतो : कोणाविरुद्ध? अमनचे बळी प्लेट गटांत, बहुतांशीं नव्यानें स्पर्धेंत आलेल्या संघांविरुद्ध होते. दुबेचे बळी वरच्या गटांत. म्हणून अमनची मेहनत हलकी ठरत नाहीं, कारण समोर येईल त्या संघाशींच खेळाडूला खेळावें लागतें. मात्र ६९ आणि ६८ यांतील अंतर केवळ एकाचें आहे असें म्हणणें, हें वजाबाकीच्या दृष्टीनें खरें आणि क्रिकेटच्या दृष्टीनें अपुरें आहे.

शेवटीं एका खेळाडूचे दोन धांवफलक शेजारीं ठेवून पाहा. २०१९ च्या फेब्रुवारींत जामठ्याच्याच मैदानावर विदर्भानें सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून दुसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या सामन्यांत आदित्य सरवटे यानें १५७ धांवांत ११ बळी घेतले, शिवाय दुसऱ्या डावांत ४९ धांवा केल्या. २०२५ च्या ज्या सामन्याचें वर्णन आतांच केलें, त्यांत हाच सरवटे केरळकडून खेळत होता, आणि आपल्या जुन्या संघाविरुद्ध त्यानें ७९ धांवा काढल्या. मैदान तेंच, माणूस तोच. एका कागदावर त्याचा आंकडा विजयाचा आधार आहे, दुसऱ्यावर पराभव टाळण्याची धडपड. दुसऱ्या कागदावरचा सरवटे पहिल्याहून लहान झाला, असें कोण म्हणेल?

तर श्रोतेहो, चार प्रश्न आपल्या हातीं आले : एकंदरींत वाटा किती, दुर्मिळ कीं निर्णायक, कोणत्या वेळीं, आणि कोणाविरुद्ध. हे विचारावयास गणिताची पदवी लागत नाहीं. सर्वांत मोठ्या आंकड्यावर थांबलेली नजर सबंध कागदावरून एकदां फिरवावी लागते, इतकेंच. गोंदियाच्या त्या मुलाचे ‘४०’ आतां पुन्हां घ्या. संघाच्या एकंदर धांवा जर ७५ असतील, आणि तो खेळावयास आला तेव्हां चार गडी बाद झालेले असतील, तर हें सारें त्याच कागदावर लिहिलेलें असतें. तें वाचणारा भेटला, तर त्या मुलासाठीं कोणीं शिफारस करावयाची गरज नाहीं. आणि न भेटला, तर त्याची मेहनत त्याच्या गांवाबाहेर कोणाला कळणार नाहीं. उद्यां सकाळीं चहाच्या वेळीं मुलानें मोठा आंकडा पुढें केला, तर त्याला गप्प करूं नका. “छान, आतां त्याच्या शेजारचे आंकडे वाच पाहूं,” एवढेंच म्हणा.