गाण्यात पत्ता ठेवून गेलेली माणसं

डिसेंबर १९२८. मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन नावाच्या वस्तीतला एक शेतमजूर न्यूयॉर्कला आला होता. नाव जॉन हर्ट. ओके या रेकॉर्ड कंपनीनं त्याला ध्वनिमुद्रणासाठी बोलावून घेतलं होतं. पण त्या अफाट शहरात त्याचा जीव रमेना. मग त्यानं गावाच्या आठवणीवरच एक गाणं रचलं आणि गिटारवर गाऊन टाकलं. 'ॲव्हलॉन ब्लूज'. आपलं गाव कुठलं आणि त्याची ओढ किती, एवढाच त्या गाण्याचा ऐवज. तबकड्या बेताच्याच खपल्या. पुढच्या वर्षी महामंदी आली, कंपन्यांचे धंदे बसले आणि हर्ट पुन्हा शेतात राबू लागला. पुढची पस्तीस वर्षं बाहेरच्या जगात फारसं कुणी त्याचं नाव काढलं नाही.

१९६३मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या एका तरुण शौकिनाच्या कानावर ते गाणं पडलं. त्यानं ॲव्हलॉन शोधायला घेतलं. नव्या नकाशांत ते नव्हतंच, एका जुन्या नकाशात सापडलं. पठ्ठ्या गाडी काढून थेट तिथे पोचला. हर्ट तिथेच राहत होता, सत्तरीला आलेला. दारात आलेल्या या गोऱ्या पोराला बघून म्हाताऱ्याला वाटलं, हा सरकारी पोलिसच. आपण केलं तरी काय? मग हॉस्किन्सनं त्याच्या हातात गिटार दिली. अंगठा खालच्या तारांवर संथ ठेका धरतोय आणि बाकीची बोटं वर धून खेळवताहेत, हा तबकडीवरचा हात लगेच ओळखू आला. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हर्ट हजारो लोकांसमोर गायला. १९६६मध्ये तो गेला. शेवटची तीन वर्षं त्याला मिळाली ती गाण्यात पत्ता होता म्हणून.

ब्लूज म्हटलं की रडगाणं, असा आपल्याकडे एक समज आहे. मी गेली कित्येक वर्षं हे संगीत ऐकतो आहे, आणि मला त्यात दुःखापेक्षा हा पत्ता जास्त ऐकू येतो. मी अमुक, इथला, माझं असं असं झालं. ज्यांची नोंद कुणी धड ठेवली नाही, त्या माणसांनी स्वतःची नोंद तीन मिनिटांच्या तबकडीवर करून ठेवली.

खुर्च्यांच्या कारखान्यातलं गाणं

या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना मात्र त्यातलं काही कळत होतं असं नाही. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथ या गायिकेनं न्यूयॉर्कमध्ये 'क्रेझी ब्लूज' गायलं. त्या तबकडीवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या आणि कंपन्यांना शोध लागला की हे लोकही पैसे मोजून गाणी विकत घेतात! मग 'रेस रेकॉर्ड्स' अशी पाटी लावून या तबकड्यांची वेगळी यादी निघू लागली.

त्या धंद्यातलं मोठं नाव होतं पॅरामाउंट. ही कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. कारखाना फोनोग्राफच्या लाकडी पेट्याही बनवायचा. पेटी खपायची तर तिच्यावर वाजवायला काहीतरी हवं, म्हणून तबकड्या. लाखेचा माल हलका, त्यामुळे गाण्याआधी खरखर. पण याच पॅरामाउंटनं १९२६मध्ये टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसनचा आवाज घराघरांत नेला. त्याच्या तबकड्या तुफान खपल्यावर गावोगावचे एकटे गिटारवाले शोधायची चढाओढ लागली. १९२९मध्ये चार्ली पॅटन आला, १९३०मध्ये सन हाउस, १९३१मध्ये स्किप जेम्स. मंदीत कंपनी बुडाली आणि साचे भंगारात गेले. आज या मंडळींची काही ध्वनिमुद्रणं टिकली आहेत ती कुणाच्या तरी माळ्यावर राहिलेल्या एखाद्‌दुसऱ्या झिजलेल्या प्रतीमुळे. त्यामुळे सुरुवातीला खरखरीवर वैतागणारा माणूस पुढे पुढे तिला जपायला लागतो. माझंही तेच झालं.

कोमल आणि शुद्धच्या मधली जागा

हे संगीत ज्या मातीतलं, तो मिसिसिपीचा 'डेल्टा' म्हणजे नदीच्या मुखाजवळचा प्रदेश नव्हे. मेम्फिसपासून विक्सबर्गपर्यंत, मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधली ती सपाट, काळी, कापसाची जमीन. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण मळ्यावरचा माणूस अर्धलीनं शेती करायचा आणि हंगामाअखेर मालकाच्या वहीत कर्जदारच निघायचा. शनिवारी रात्री एखाद्या खोपटात दारू, नाच आणि गिटार. रविवारी सकाळी चर्च. या दोन्हींतून ब्लूजचा गळा तयार झाला.

त्याचा साचा आपल्या कानाला सहज कळण्यासारखा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड. पहिल्या चार खंडांत एक ओळ, सा धरून. पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा, पण खालचा आधार मध्यमावर सरकलेला. शेवटच्या चारांत त्या ओळीचं उत्तर, पंचमाकडून उतरत परत सा वर. ओळ अर्ध्यातच संपते आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. एकटा गाणारा असला तरी तिथे दोघांचा संवाद चाललेला असतो. ओळ दुसऱ्यांदा येते ती नुसती भर म्हणून नव्हे. तेच शब्द दुसऱ्या सुरांवर ठेवले की त्यांचा अर्थ हलतो, हे ठुमरी ऐकणाऱ्याला समजावून सांगायला नको. जुने लोक हे हिशेबही काटेकोर पाळत नसत. जॉन ली हूकर तर मनाला येईल तेव्हा आधार बदलतो, नाही तर बदलतच नाही.

आणि सूर? 'ब्लू नोट' म्हणतात तो गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. गायक त्या दोघांच्या मधोमध कुठेतरी रेंगाळतो, घासतो, खाली ओढतो. निषादाचंही तसंच. पियानोच्या पट्ट्यांमध्ये ती जागा नाही. गळ्यात आहे आणि गिटारच्या तारेवर आहे. म्हणून तर तारेवर सुरी नाहीतर बाटलीचा कापलेला गळा फिरवायची युक्ती निघाली. डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडवाला साधारण १९०३च्या सुमारास टटविलर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता. फाटक्या कपड्यातला एक माणूस तारांवर सुरी सरकवत गाताना त्याला दिसला. असं संगीत आपण आजवर ऐकलंच नव्हतं, असं हँडीनं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. तारेवरच्या त्या सरकत्या सुराला आपण मींड म्हणू.

आधी कोण ऐकावं

ज्यांनी हे काही ऐकलेलं नाही त्यांनी बेसी स्मिथपासून सुरुवात करावी. हँडीचं 'सेंट लुइस ब्लूज' तिनं जानेवारी १९२५मध्ये गायलं. साथीला तरुण लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट, आणि पियानोच्या जागी पायपेटीच्या कुळातला ऑर्गन. बालगंधर्वांची पदं ऐकून वाढलेल्या कानाला तो भरीव, संथ आवाज एकदम ओळखीचा वाटतो. बेसी ओळ सोडते, आर्मस्ट्राँग ती उचलतो; ती सांगते, तो हुंकार भरतो. १९३७मध्ये हायवे ६१वर मोटारीच्या अपघातात तिचा अंत झाला. एकेकाळी कृष्णवर्णीय कलाकारांत सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्या या बाईच्या थडग्यावर १९७०पर्यंत साधा दगड नव्हता. तो बसवायला ज्यांनी पैसे दिले त्यांत रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन होती.

मग चार्ली पॅटन. १९२७च्या महापुरावरचं त्याचं 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' तबकडीच्या एका बाजूला मावलं नाही, म्हणून दोन बाजूंवर आहे. तो गातो की गुरगुरतो असा प्रश्न पडतो. गिटारच्या लाकडावर थापा, पायाचा ठेका, आणि गावांमागून गावांची नावं. पाणी जसं चढत जातं तसा त्याचा आवाज चढत जातो.

रॉबर्ट जॉन्सनबद्दल तर दंतकथाच जास्त. चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्यानं गिटारची विद्या मिळवली म्हणे. आपल्याकडेही चव्हाट्यावर कोण कोण भेटतं ते कोकणातल्या कुणालाही विचारा. खरी गोष्ट साधी आहे: आइक झिमरमन नावाच्या गुरूकडे त्यानं रात्र-रात्र रियाज केला. हा रियाज ते स्मशानात बसून करायचे, हेही खरं. आणि १९३६मधलं 'क्रॉस रोड ब्लूज' नीट ऐकलं तर त्यात सैतान कुठेच नाही. देवाची करुणा भाकणारा आणि अंधार पडत आला तरी गाडी न मिळालेला एक माणूस आहे. त्या काळच्या मिसिसिपीत सूर्य मावळल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटं सापडणं कृष्णवर्णीय माणसाच्या जिवावर बेतू शकत होतं. सैतानापेक्षा ही भीती जास्त खरी.

जॉन्सननं सॅन अँटोनियो आणि डॅलसमध्ये मिळून २९ गाणी गायली आणि ऑगस्ट १९३८मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंड मोठी मैफल भरवत होता. त्याला जॉन्सन हवा होता. कळलं की तो राहिला नाही. मग त्या भरल्या सभागृहात मंचावरून त्याच्या तबकड्या वाजवण्यात आल्या. पुढे १९६१मध्ये त्याची गाणी एलपीवर आली आणि इंग्लंडातली पोरं ती ऐकून वेडी झाली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला तर दोन गिटारी वाजताहेत असंच वाटलं होतं.

सन हाउसची गंमत आणखी न्यारी. १९६४मध्ये तो रोचेस्टर शहरात सापडला तेव्हा त्याला गिटार सोडून वर्षं झाली होती. ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या पोरानं, सन हाउसच्याच जुन्या तबकड्या ऐकून बसवलेली गाणी त्याला परत शिकवली. तबकडीनं गायकाला त्याचंच गाणं परत दिलं. पुढच्या वर्षी मुद्रित झालेलं 'डेथ लेटर' ऐका. म्हातारा तारांवर जणू घाव घालतोय.

कापसातून शहरात

ऑगस्ट १९४१मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स स्टोव्हॉलच्या मळ्यावर पोचला. तिथल्या एका ट्रॅक्टरवाल्याचं गाणं त्यानं मुद्रित केलं आणि लगेच वाजवून दाखवलं. आपला आवाज इतर कोणत्याही तबकडीवाल्यासारखाच वाजतो, हे त्या माणसाला त्या दिवशी कळलं. १९४३मध्ये त्यानं शिकागोची गाडी धरली. तो मडी वॉटर्स. शहराच्या कलकलाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्यानं विजेची घेतली. पोलंडहून आलेल्या चेस बंधूंच्या कंपनीतून त्याची आणि हाउलिंग वुल्फची गाणी निघाली आणि रॉक संगीताचा पाया तिथेच पडला. रोलिंग स्टोन्सनं तर आपलं नावही मडीच्या गाण्यावरूनच घेतलं. मडीच्या पंखाखाली आलेला बडी गाय २०११मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला.

केसरबाईंच्या शेजारी

आता ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला बसलो ते ध्वनिमुद्रण. ३ डिसेंबर १९२७, डॅलस. ब्लाइंड विली जॉन्सन. हा फक्त देवाची गाणी गायचा, म्हणून काही कर्मठ मंडळी त्याला ब्लूजमध्ये धरत नाहीत. पण तार तीच आणि घासही तोच. 'डार्क वॉज द नाइट' या गाण्यात शब्द नाहीतच. तारेवरून सरकणारा सूर आणि त्याच्यामागून जाणारं त्याचं कण्हणं, गुणगुणणं. सव्वातीन मिनिटं. सूर कुठे संपतो आणि गळा कुठे सुरू होतो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. १९४५मध्ये घर जळाल्यावर हा माणूस आजारी पडून टेक्सासात मेला.

१९७७मध्ये दोन व्हॉयेजर यानं अवकाशात गेली, ती सोनं चढवलेल्या तांब्याची एकेक तबकडी घेऊन. पृथ्वीवरचं संगीत म्हणून निवडलेल्या त्या तुकड्यांत सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', हे आपण अभिमानानं सांगतो. केसरबाईंच्या लगेच पुढे काय आहे, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुढे आहे ब्लाइंड विली जॉन्सन. गोव्यातल्या केरीहून निघालेली, अल्लादिया खाँसाहेबांकडे घडलेली गायिका, आणि तिचा स्वर थांबला की टेक्सासच्या रस्त्यावर गाणारा हा आंधळा. दोघांनाही तबकडीनं तीन-साडेतीन मिनिटांचाच वेळ दिला होता. केसरबाईंची ती रेकॉर्डही सहजी मिळाली नव्हती. शोधाशोध करता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. खुर्च्यांचा कारखाना काय नि उपकरणांचं दुकान काय, गाणं कुणाच्या घरी आसरा घेईल याचा नेम नाही.

व्हॉयेजर १ २०१२मध्ये सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलं. त्यावरच्या तबकडीच्या वेष्टनावर एक आकृती कोरली आहे. मध्यापासून निघालेल्या चौदा रेघा, चौदा स्पंदक ताऱ्यांच्या दिशा दाखवणाऱ्या. ही तबकडी ज्या सूर्याच्या अंगणातून निघाली, तो कुठे आहे हे त्या रेघांवरून काढता यावं, म्हणून. ही युक्ती शास्त्रज्ञांनी बरीच डोकं लढवून काढली. ॲव्हलॉनच्या जॉन हर्टला ती १९२८मध्येच, नुसत्या घराच्या आठवणीनं सुचली होती.