गाडीत भेटलेले पुस्तक

रायपूरजवळच्या उरल्याचे कारखाने मागे टाकून मुंबईकडे निघालेली गाडी राजनांदगावला येते. १८९३ साली याच गावी नोकरीसाठी निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. वाचा, प्रार्थना करा, एवढाच आग्रह! न मागता मिळते ती देवाची कृपा, असे ख्रिस्ती माणूस मानतो. हे पुस्तकही तसेच आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

किंमत मात्र घराने मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह कित्येक वर्षे दूर राहिल्या. नगरला आल्या, तरी त्यांनी सोवळे सोडले नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्यांनी हसतहसत सांगितले आहे.