काजव्याचा दिवा आणि भाताचा बांध

वैशाख सरतां सरतां वळवाच्या सरी पडूं लागल्या, म्हणजे सह्याद्रीच्या कुशींतील झाडें रात्रीं लुकलुकूं लागतात. अकोले तालुक्यांतील भंडारदरा व पुरुषवाडी येथें हिरडा, बेहडा, सादडा यांच्या फांद्यांवर जमणारे असंख्य काजवे पाहण्यास मुंबई-पुण्याकडील लोक मुद्दाम जातात. कोंकणांतील भातखाचरांच्या बांधांवरहि हा किडा आपल्या परिचयाचा आहे. परंतु या क्षुल्लक प्राण्याच्या पोटांतील दिव्यावर आज मोठमोठ्या प्रयोगशाळांचें काम चालतें, व दुधाच्या धंद्यांत भांडीं स्वच्छ धुतलीं कीं नाहीं हेंहि त्याच दिव्यानें पारखतात, ही गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांस ठाऊक असेल.

हा प्रकाश म्हणजे जाळ नव्हे. त्यास उष्णता जवळ जवळ नाहींच. 1887 सालीं रफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञानें समुद्रांतील एका चमकणाऱ्या शिंपल्यावर प्रयोग करून दाखविलें कीं, उजेडास दोन द्रव्यें लागतात : एक खर्च होणारें, दुसरें तो खर्च घडवून आणणारें. पहिल्यास त्यानें ल्युसिफेरिन व दुसऱ्यास ल्युसिफेरेज असें नांव दिलें. दुसरें द्रव्य प्रथिन आहे, आणि तें उकळत्या पाण्यानें निकामी होतें. काजव्याच्या पोटांतहि याच नांवांची जोडी आहे, मात्र तेथील द्रव्यें शिंपल्याहून निराळीं आहेत. हवेंतील प्राणवायु मिळाला तरी काजव्याचा दिवा तेवढ्यानें लागत नाहीं. तिसरी एक वस्तु लागते, ती अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील विल्यम मॅकेलरॉय यांनीं 1947 सालीं दाखवून दिली. तिचें नांव एटीपी. प्रत्येक जिवंत पेशी आपलें काम या द्रव्याच्या बळावर करते. जणूं तें तिचें रोजचें खर्चाचें नाणें होय. प्रयोगास काजवे हजारोंनीं लागत, म्हणून मॅकेलरॉय गांवांतील मुलांस शंभर काजव्यांमागें पंचवीस सेंट देत. मुलांची चैन झाली असेल यांत शंका नाहीं.

या शोधाचा व्यवहारांतील उपयोग सहज लक्षांत येईल. जेथें सजीव किंवा सजीवाचे ताजे अवशेष आहेत तेथें एटीपी आहे. आणि जेथें एटीपी आहे तेथें काजव्याचीं द्रव्यें टाकतांच उजेड पडतो. दुधाचा कॅन अगर नळी धुतल्यावर आंतून एक बोळा फिरवावा, तो त्या द्रव्यांत बुडवावा व लहानशा यंत्रांत धरावा. कांहीं सेकंदांत उजेडाचा आंकडा दिसतो. आंकडा मोठा आला तर भांडें पुन्हां धुवावें. जंतु वाढवून मोजण्याच्या जुन्या रीतीस एक-दोन दिवस लागतात, तोंवर दूध विकलें जाऊन पिऊनहि होतें. मात्र या परीक्षेवर सर्वस्वी विसंबूं नये. कोणता जंतु आहे हें ती सांगत नाहीं, आणि भांड्यास चिकटलेल्या दुधाच्या अंशानेंहि उजेड पडतो. घाण आहे कीं नाहीं, एवढ्यापुरतीच तिची साक्ष घ्यावी.

पुढें 1985 सालीं काजव्याचें तें प्रथिन बनविणारें जनुक वेगळें काढण्यांत आलें. 1986 सालीं अमेरिकेंत तें तंबाखूच्या रोपांत घातलें. ल्युसिफेरिनचें पाणी पाजल्यावर तीं रोपें मंद उजळलीं. आम्हांस याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग. कोबी-फुलकोबीस घाण्या रोग आणणाऱ्या जंतूंत समुद्रांतील चमकणाऱ्या जंतूंचीं जनुकें घातलीं, तेव्हां रोग पानांतून कसा सरकतो तें रोप न उपटतां पाहतां आलें. समुद्रांतील एका छत्रीसारख्या प्राण्यापासून जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनीं मिळविलेलें हिरवें प्रथिन असेंच खुणेच्या कामीं येतें. त्याबद्दल त्यांस मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांजसह 2008 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. संध्या कौशिका व त्यांचे सहकारी याच खुणेच्या साह्यानें एका निरुपद्रवी सूत्रकृमीच्या मज्जातंतूंतील मालवाहतूक जिवंतपणीं पाहतात.

ल्युसिफेरेज आतां जंतूंकडून हवें तेवढें करवून घेतां येतें, म्हणून प्रयोगशाळेस काजवे पकडण्याची गरज राहिली नाहीं. शेताची गोष्ट निराळी आहे. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या मातींत व पाचोळ्यांत राहते आणि गोगलगायी मारून खाते. 2022 च्या खरीपांत लातूर व बीडकडे शंखी गोगलगायींनीं कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला, हें वाचकांस आठवत असेल. तसली धाड काजव्यांच्या अळ्या थोपवितील असें आम्ही म्हणत नाहीं. पण फुकटचा राखणदार हांकलून देण्यांतहि शहाणपण नाहीं.

तो हांकलला जातो कसा, याविषयीं जगांतील जाणकारांचीं मतें 2020 सालीं गोळा करण्यांत आलीं. अधिवासाचा नाश, रात्रीचे दिवे व कीटकनाशकें हीं तीन कारणें वर आलीं. दापोडें, माणकोली, राहनाळ, पूर्णा या भिवंडी तालुक्यांतील गांवीं पहिलीं दोन कारणें दाराशींच आहेत. खाचरांवर भराव पडला, गोदामें उभीं राहिलीं, आणि त्यांच्या आवारांत रात्रभर दिवे जळतात. ज्यांनीं जमीन दिली त्यांस आम्ही दोष देत नाहीं. भाताच्या एका पिकावर संसार भागत नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्यांजकडे अजून खाचरें आहेत, त्यांनीं भाडेकरूशीं करार करतांना दिव्यास झांकण घालून उजेड खालीं पाडण्याची अट घालावी. खर्च फारसा नाहीं. काजव्याचा दिवा मादी शोधण्यासाठीं असतो, व शेजारीं मोठा उजेड असला कीं ही खूण दिसतच नाहीं. प्रौढ काजव्याचें आयुष्य अवघ्या थोड्या आठवड्यांचें, म्हणून मेच्या अखेरीपासून पाऊस जमेपर्यंत तरी शेताकडील दिवे रात्रीं मालवावे. बांधावरील गवताची एक पट्टी न कापतां ठेवावी आणि तिच्यावर औषध मारूं नये. कांहीं जातींच्या मादीस पंख नसतात. तेथील बांध एकदां उजाड झाला, तर शेजारच्या गांवाहून ती उडून येणार नाहीं.