विलायती हिरवळ

विंबल्डन येथील टेनिसचीं पटांगणें पाहिलीं म्हणजे तसली हिरवळ घरापुढें असावी, असें कोणासही वाटतें. तेथें २००१ सालापासून केवळ बारमाही रायग्रास पेरतात. त्यापूर्वीं त्यांत शेंकडा ३० भाग तांबडा फेस्क्यू मिसळीत. हें थंड हवेचें गवत होय. १५ ते २४ अंश सेल्सिअस उष्णमानांत तें जोमानें वाढतें. हवा फार तापली म्हणजे पानांतील अन्न तयार करणारें द्रव्य कर्बाम्ल वायूऐवजीं कांहीं अंशीं प्राणवायूच धरूं लागतें. मिळकत घटते, श्वसनाचा खर्च वाढतो आणि मुळें खंगतात.

म्हणून इंग्लंडांत बीं सप्टेंबरांत पेरावें. तेव्हां जमीन उबदार व हवा गार असते. सामन्यांच्या दिवसांत विंबल्डनला गवत ८ मिलिमीटर उंच राखतात. घरीं मात्र तें अधिक उंच ठेवावें व एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये, कारण पातें हेंच मुळांचें स्वयंपाकघर. पाणी रोज शिंपडण्यापेक्षां क्वचित् पण खोल मुरेल असें द्यावें.

पुण्यामुंबईस हें गवत हिवाळ्यांत हिरवें दिसलें तरी वैशाखांत तगत नाहीं. तेथें हरळीच खरी. गणपतीस वाहतात ती दूर्वा हीच. उन्हाची तिला भीति नाहीं.