चंदनाच्या माहेराहून

बंगळुरूच्या मेट्रोने यशवंतपूरहून शहराकडे निघाले की पुढच्याच स्थानकाचे नाव ऐकून परगावचा प्रवासी चमकतो. ‘सँडल सोप फॅक्टरी’! साबणाच्या कारखान्याचे नाव स्थानकाला मिळावे, हा मान थोड्यांच्याच वाट्याला येतो. आपल्याकडे कित्येक घरांत दिवाळीच्या पहाटे उटण्याबरोबर निघणारी ती लंबगोल चंदनी वडी इथलीच. आणि वडी संपल्यावर वासासाठी साड्यांच्या घडीत जपून ठेवला जाणारा नक्षीदार खोकाही इथलाच.

या खोक्याची कहाणी वडीइतकीच जुनी आहे. पहिल्या महायुद्धात म्हैसूरच्या चंदनाची युरोपकडे होणारी निर्यात अडली आणि माल पडून राहिला. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी 1916 मध्ये संस्थानातच चंदनतेल काढायला सुरुवात केली. पुढे साबण करायचे ठरले. त्यासाठी सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनतज्ज्ञाला विलायतेला धाडण्यात आले. परतल्यावर लोक त्यांना ‘सोप शास्त्री’ म्हणूनच ओळखू लागले.

शास्त्रीबुवा नुसत्या रसायनावर थांबले नाहीत. त्या काळी साबणाच्या वड्या बहुधा चौकोनी असत. यांनी लंबगोल घडवली. दागिन्याच्या डबीसारखा फुलापानांचा खोका केला आणि आत सराफ दागिना गुंडाळतात तसला पातळ कागद घातला. साबण हातात घेणाऱ्याला आपण काही मोलाचे घेतो आहोत असे वाटावे, हा त्यामागचा विचार. चिन्ह निवडले शरभाचे : धड सिंहाचे, मस्तक हत्तीचे. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसणाऱ्या शरभशिल्पांचाच हा दक्षिणेकडचा भाऊबंद. खोक्यावर कन्नड ओळ आली, ‘श्रीगंधद तवरिनिंद’, म्हणजे ‘चंदनाच्या माहेराहून’. माहेरची वस्तू म्हटली की बाईमाणसाचा हात कसा हळुवार होतो, हे ती ओळ लिहिणाऱ्याला नक्कीच ठाऊक असणार!

हा खोका मग गावोगाव पोचला. ट्रामच्या तिकिटांवर आणि काडेपेट्यांवर त्याचे चित्र झळकले. कराचीत तर जाहिरातीसाठी उंटांची मिरवणूक निघाली. आजही कंपनी ठिकठिकाणी ‘सोप संते’ म्हणजे साबणाचा बाजार भरवते. प्रदर्शनातल्या गर्दीत कोणी थांबून मजकूर वाचत बसत नाही. लांबून नजरेला पडतात ते रंग, नक्षी आणि चिन्ह. तेच खोक्यावर, तेच गाळ्याच्या पडद्यावर, तेच पिशवीवर असले की निरक्षर आजीसुद्धा बरोबर त्या गाळ्यापाशी येते. नक्षी म्हणजे न वाचता कळणारे नावच.

पण जे ओळखणे सोपे, त्याची नक्कल करण्याचा मोहही मोठा. जानेवारी 2024 मध्ये हैदराबादेत बनावट मैसूर सँडल साबणाचा अड्डा उघडकीस आला. सुमारे 2 कोटी रुपयांचा माल पकडला गेला आणि त्यात हुबेहूब खोकेही होते. ज्या नक्षीवर लोकांनी विश्वास टाकला, तीच नक्षी फसवणुकीचे हत्यार झाली. या साबणाला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कायद्याचे हे संरक्षण मोलाचे खरे. पण दुकानात पहिली पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते.

म्हणून वडी घेताना घाई नको. छपाई फिकट किंवा पुसट तर नाही ना, शरभ नीट उमटला आहे ना, हे पाहावे. बॅच क्रमांक आणि तारीख वाचावी. भाव फारच उतरलेला दिसला तर शंका घ्यावी आणि ओळखीच्या दुकानातून पावती घ्यावी. घरी आल्यावर खोका उघडून वास घ्यावा. वर्षानुवर्षे कपाटात जपलेला तो गंध आपल्या नाकाच्या चांगला ओळखीचा असतो. नक्षीची नक्कल करता येते, पण माहेरचा वास आणायचा कुठून?