भेग पाडायची वेळ

काँक्रीटच्या रस्त्याला भेग ही पडणारच. ती आपण आखलेल्या रेषेवर पडते की तिला वाटेल तिथे, एवढाच काय तो प्रश्न. रस्ता ओतल्यावर काही तासांतच चार-साडेचार मीटरवर आडव्या खाचा कापतात त्या याचसाठी. खाच वरून साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत जाते, खालचा भाग तिच्या रेषेत आपोआप तडकतो, आणि तो तडा कुणाच्या नजरेस पडत नाही. सांधा म्हणजे ही शिस्त लावलेली भेग. रस्त्यांच्या कामावर लागलो तेव्हापासून या सांध्यानं मला झपाटलं आहे. लोक काँक्रीटच्या रस्त्याची जाडी विचारतात, सिमेंट कोणतं ते विचारतात. माझ्या मते रस्त्याचं आयुष्य ठरतं ते सांध्यात आणि सांध्यालगतच्या कोपऱ्यात. या विषयावरचं शंभर वर्षांचं संशोधन वाचत गेलं, की फिरून फिरून माणूस तिथेच येऊन पोचतो.

बाकीची माहिती आधी झटपट उरकतो. डांबरी रस्ता गाडीचं वजन थराथरानं खाली जिरवतो. काँक्रीटची लादी ताठ असते. ती वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवते. आपल्या महामार्गांवर सगळ्यात खाली दाबून घट्ट केलेली माती किंवा मुरूम, त्यावर पाण्याचा निचरा करणारा खडीचा थर, त्यावर 15 सेंटिमीटरचं कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, म्हणजे डीएलसी, मग प्लॅस्टिकचा कागद आणि वर 25 ते 30 सेंटिमीटरची मुख्य लादी, म्हणजे पीक्यूसी. प्रत एम-40. इंडियन रोड्स काँग्रेस ही 1934 साली स्थापन झालेली संस्था याचे नियम ठरवते. डिझाइनसाठी आयआरसी-58, बांधकामासाठी आयआरसी-15.

साहित्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काँक्रीटची ताकद म्हटलं की सगळे क्यूबच्या दाबशक्तीचे आकडे सांगतात. रस्ता दाबानं मोडत नाही, तो वाकून मोडतो. म्हणून रस्त्याच्या काँक्रीटचे बीम ओतायचे आणि ते वाकवून तोडायचे, हीच खरी परीक्षा. 28 दिवसांनी वाकण्यातली ताकद 4.5 मेगापास्कल भरली पाहिजे. प्रयोगशाळेत बीम तुटतो तेव्हा आधी कसलीही सूचना मिळत नाही. काटा सावकाश चढत असतो आणि एकदम फट्कन आवाज होऊन दोन तुकडे पडतात. आकडा वहीत मांडण्याआधी मी तुटलेली बाजू उजेडात धरून बघत असे. तडा खडीच्या कडेकडेनं गेलेला असेल आणि दगड खोबणीतून सुटून आल्यासारखे दिसत असतील, तर खडी धुळीनं माखलेली होती किंवा सिमेंटची पकड कमी पडली. आपला काळा पाषाणसुद्धा मधोमध चिरला गेलेला दिसला, की काँक्रीट जमलं असं खुशाल समजावं.

आता सांधा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बेलफाउंटन नावाचं लहानसं गाव आहे. भाची कोलंबसला असते. तिच्याकडे गेलो असताना हट्टानं तिथे जाऊन आलो. जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या माणसानं 1891 मध्ये तिथल्या कोर्टाजवळ काँक्रीटचा एक पट्टा ओतला आणि 1893 मध्ये कोर्ट ॲव्हेन्यू हा आख्खा रस्ता केला. गावकारभाऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यानं 5,000 डॉलरचा जामीन भरला आणि रस्ता पाच वर्षं टिकेल अशी हमी दिली. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या काँक्रीटचा नमुना मांडला गेला. आज त्या रस्त्याच्या टोकाला बार्थोलोम्यूचा पुतळा आहे. मला पुतळ्यापेक्षा रस्त्यात रस होता. घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून पृष्ठभागावर खाचा दिलेल्या, आणि लाद्या लहान लहान चौकोनांच्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं लहान चौकोन निवडला, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

लहान का, तर हिशेब सोपा आहे. काँक्रीटचा एक मीटरचा तुकडा तापमान एक अंश सेल्सिअसनं उतरलं की साधारण मीटरच्या एक लाखाव्या भागाइतका आखडतो. साडेचार मीटरची लादी 30 अंशांनी थंड झाली तर सुमारे 1.35 मिलिमीटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण लादी खालच्या थराला घासून बसलेली असते, तिला मोकळेपणी आखडता येत नाही, आणि ओढाताणीत काँक्रीट फार कच्चं. त्यात पहिल्या दिवशी त्याच्या अंगात जोर आलेलाच नसतो. डीएलसीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात तो लादीला थोडं सरकता यावं म्हणून. तो कागद सुरकुतलेला, फाटलेला दिसला की माझा जीव खालीवर होतो.

आखडण्याहून वाईट खोड वाकण्याची. दुपारी लादीचा माथा तापतो, तळ थंड असतो. माथा फुगतो आणि लादीचं पोट वर येऊ पाहतं. रात्री उलटं. माथा निवतो, तळ उबदार राहतो, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडासारखे लादीचे चारी कोपरे वर उचलले जातात. समुद्रकिनारा आणि डोंगराळ भाग वगळता महाराष्ट्रात 25 सेंटिमीटर जाडीच्या लादीचा माथा आणि तळ यांत सुमारे 20 अंशांचा फरक धरून डिझाइन करायला आयआरसी-58 सांगते. आणि मध्यरात्री नागपूर-अमरावतीकडचा ट्रक ज्या कोपऱ्यावरून जातो, त्या कोपऱ्याखाली खालच्या थराचा आधार जवळपास नसतोच.

म्हणून खाच वेळेवर कापायची. वेळेवर म्हणजे कधी? घड्याळ लावून हे सांगता येत नाही. ढोबळमानानं सहा ते बारा तास. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. एका द्रुतगती मार्गाचं काम चालू असताना मी मुद्दाम रात्री थांबलो होतो. काँक्रीट पसरवणारा पेव्हर पुढे निघून गेलेला, मागे ओल्या काँक्रीटवर क्युअरिंगच्या द्रावणाचा पांढरा थर, जनरेटरची घरघर आणि हॅलोजनचा उजेड. कटर चालवणारा गडी वयानं मोठा होता. त्यानं खिळ्यानं पृष्ठभाग ओरखडला, बोट फिरवलं, कडेला हातभर खाच कापून पाहिली आणि म्हणाला, ‘‘साहेब, दाणे उडतायत. अर्धा तास थांबू या.’’ पातं लवकर चालवलं तर काठावरची खडी उखडते. उशीर केला तर लादी आपली आपण तडकून मोकळी झालेली असते. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा कापून पाहिलं. काठ सुरीनं कापल्यासारखा निघाला, आणि मग पहाटेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही. सिमेंटच्या रसायनशास्त्राचं सगळं ज्ञान त्या बोटात होतं असं मी आजही मानतो.

सांधा कापला म्हणजे एका लादीच्या दोन झाल्या. चाक एकीवरून दुसरीवर जाताना भार कसा पोचवायचा? त्यासाठी लोखंडी सळ्या, डॉवेल. अमेरिकेत त्या पहिल्यांदा वापरल्या गेल्या 1917-18 च्या हिवाळ्यात, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजजवळ, दोन लष्करी छावण्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर. डॉवेल गुळगुळीत लागते, पिळाची चालत नाही. निम्म्याहून जास्त भागावर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं, म्हणजे लादी आखडली तरी सळई अडवून धरत नाही. मात्र चाकाचा भार खाली येऊ लागला की तीच सळई शेजारच्या लादीला कामाला लावते. सगळ्या डॉवेल एकमेकींना आणि रस्त्याच्या मध्यरेषेला समांतर हव्यात. चार वाकड्या बसल्या की सांधा जखडला, आणि मग लादी दुसरीकडे कुठेतरी फुटते. रस्त्याच्या लांबीच्या दिशेला दोन पट्टे बांधून ठेवतात त्या टाय बार वेगळ्या. त्या पिळाच्या असतात आणि त्यांनी सोडायचं नसतं. या दोन्हींची अदलाबदल झालेली कामं मी पाहिली आहेत.

कोपऱ्याचं गणित मांडलं ते हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी. जन्मानं डॅनिश, नोकरी इलिनॉय विद्यापीठात. 1926 मध्ये त्यांनी ‘पब्लिक रोड्स’ या नियतकालिकात लेख लिहिला आणि लादीवर चाक तीन जागी उभं करून दाखवलं: मधोमध, कडेला आणि कोपऱ्यात. खालची माती म्हणजे जणू दाट द्रव आहे आणि लादी त्यावर तरंगते आहे, असं धरून त्यांनी ताणाची सूत्रं काढली. मध्यभाग सगळ्यांत सुरक्षित. कडेला आणि कोपऱ्यात खरी कसोटी. संगणकाचं नाव नसलेल्या काळात लिहिलेली ही सूत्रं पुढे कितीतरी देशांच्या संहितांमध्ये राहिली. तेवढा मोठा लेख या विषयात नंतर कुणी लिहिला असं मला वाटत नाही.

पण गणितात पाऊस नव्हता. तो आला इलिनॉयमधल्याच ऑटावा गावाजवळ. तिथे 1958 ते 1960 अशी दोन वर्षं ‘आशो रोड टेस्ट’ चालली. सहा वळसे बांधले, त्यांत काँक्रीटचे आणि डांबरी मिळून 800 हून अधिक तुकडे. काँक्रीटची जाडी अडीच इंचांपासून साडेबारा इंचांपर्यंत. लष्कराचे सैनिक रात्रंदिवस ट्रक चालवत होते. 11 लाख 14 हजार वेळा आस त्या तुकड्यांवरून गेले. खर्च 2 कोटी 70 लाख डॉलर. रस्ता चांगला की वाईट हे ठरवायला माणसांना गाडीतून फिरवून शून्य ते पाच असे गुण द्यायला लावले, आणि मग त्या गुणांचा मेळ मोजलेल्या खडबडीतपणाशी घातला. ज्याला त्या रस्त्यानं जायचं आहे त्याचं मत शास्त्रात धरलं, याचं मला फार कौतुक आहे.

याच चाचणीतून चौथ्या घाताचा नियम निघाला: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान सोळापट. आपल्याकडे 2018 मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वजन वाढलं आठव्या हिश्शानं, पण या नियमानं रस्त्याची झीज वाढली सुमारे साठ टक्क्यांनी.

काँक्रीटचे जे तुकडे तिथे मोडले, त्यांच्याखालून आधी चिखल बाहेर पडला होता. सांध्यातून पाणी आत जातं, वर आलेला कोपरा चाकाखाली दबतो, पाणी बारीक माती घेऊन पिचकारीसारखं बाहेर उडतं. असं हजारो वेळा झालं की खाली पोकळी तयार होते, आणि एक दिवस कोपरा तुटतो. जुलैमध्ये खालचा थर मातीचा असलेल्या जुन्या काँक्रीट रस्त्यावर एखाद्या जड गाडीमागे उभं राहून पाहा. सांध्याच्या कडेला मातकट ओघळ दिसतील. लादीखाली पाण्यानं न झिजणारा डीएलसीचा थर आपल्याकडे घालतात तो यासाठी. सांध्यात भरलेलं सीलंट दर काही वर्षांनी बदलायचं तेही यासाठीच. आपल्याकडे पहिलं होतं, दुसरं राहून जातं.

आयआरसी-58 ची 2011 ची सुधारणा वाचताना मला विशेष आनंद झाला. आयआयटी खरगपूरमधल्या संगणकीय विश्लेषणाचा तिला आधार आहे. तोवर तडा तळातून वर येतो एवढंच धरलं जाई. या सुधारणेनं रात्रीचा ट्रक विचारात घेतला. मध्यरात्रीनंतर कोपरे वर उचललेले असताना ट्रकचा पुढचा आस लादीच्या एका सांध्याजवळ आणि मागचा तिच्याच दुसऱ्या सांध्याजवळ आला, तर लादीच्या माथ्यावर ताण येतो आणि तडा वरून खाली जातो. म्हणून ट्रकच्या दोन आसांतलं अंतर आणि तो कोणत्या वेळी धावतो, हे दोन्ही मोजायला सांगितलं आहे. मालवाहतूक रात्री चालणाऱ्या देशाला हे हवंच होतं.

आणि आता लहान चौकोन. अलीकडे एक ते दोन मीटरच्या छोट्या लाद्यांवर बरंच काम झालं आहे, चिलीत आणि खरगपूरलाही. लादी लहान असली की तिचे कोपरे फारसे उचलले जात नाहीत, ट्रकची सगळी चाकं एकाच लादीवर येत नाहीत, आणि जाडी कमी करता येते. जुन्या डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा पातळ थर देतात, म्हणजे व्हाइट टॉपिंग करतात, तेही याच तत्त्वावर. बार्थोलोम्यूचा चौकोन परत आला आहे, या वेळी गणित बरोबर घेऊन.

टिकाऊ रस्त्यांच्या बाबतीत महाराष्ट्रानं मागे राहायचं कारण नाही. मुंबईचा मरीन ड्राइव्ह रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीरांनी पालनजी मिस्त्रींबरोबर बांधला. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर उभारणारे कीर ते हेच. तिथलं काँक्रीट सुमारे सत्तर वर्षं खाऱ्या वाऱ्यात टिकलं. काँक्रीटचा अभिमानी असूनही मी पुण्याचा जंगली महाराज रस्ता विसरत नाही. तो डांबरी. सत्तरच्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन केला आणि हमीच्या कितीतरी पुढे चालला. नीट बांधलेला डांबरी रस्ता हा निष्काळजीपणे ओतलेल्या काँक्रीटपेक्षा केव्हाही बरा.

हे म्हणायचं कारण आमच्याच वसाहतीत आहे. रस्त्याचं काम झालं, काँक्रीट उत्तम होतं, जाडी पुरेशी होती. कटर मात्र दोन दिवसांनी आला. तोपर्यंत तिरक्या भेगा पडून गेल्या होत्या, आणि मॅनहोलच्या प्रत्येक कोपऱ्यातून एक भेग निघाली होती. मॅनहोलभोवती वेगळा सांधा सोडायला हवा, तोही नव्हता. शिवाय झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलेलं. तक्रार केली तर भेगांत सिमेंटचा घोळ ओतून दिला.

तुमच्या गल्लीत काँक्रीटचं काम निघालं, की क्यूबचे आकडे आणि सिमेंटचा ब्रँड विचारण्याआधी तीन गोष्टी बघा. काँक्रीट ओततानाच कटर जागेवर आणून ठेवला आहे का. डॉवेल सरळ रेषेत आणि गुळगुळीत आहेत का. आणि निदान दोन आठवडे काँक्रीटवरचं गोणपाट ओलं राहणार आहे का. कटर जागेवर नसेल, तर संध्याकाळ व्हायच्या आत वॉर्ड ऑफिसला फोन करा. दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही.