जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचें पदार्थविज्ञान

जावळी तालुक्यांतील मेढ्याहून साताऱ्याच्या कॉलेजांत जाणाऱ्या कित्येक मुलांचा ओढा जीवशास्त्राकडे असतो. कासच्या पठारावरील फुलें त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलीं असतात. तथापि पदार्थविज्ञान पुढें आलें कीं यांपैकींच पुष्कळ मुलें कचरतात. वनस्पतींचीं नांवें पाठ केलीं तशींच तीं सूत्रेंही पाठ करतात. आणि परीक्षेंत प्रश्नाचें रूप किंचित् पालटलें कीं त्यांची वाट खुंटते. कोणी विषय सोडतो, कोणी शिक्षणच. येथें बुद्धि उणी नसते; शिकण्याची रीत या विषयास लागू पडत नाहीं, इतकेंच.

दुसरी रीत कोणती, हें एका परिचित उदाहरणावरून ध्यानांत येईल. ज्यांच्या शेतांत विहीर आहे त्या श्रोत्यांस ठाऊकच असेल कीं, पाणी फार खोल गेलें म्हणजे काठावरील मोटार तें उचलीत नाहीं. ती खालीं उतरवावी लागते. असें कां व्हावें? १६४३ च्या सुमारास इटलींत टॉरिचेली यानें याचें कारण उकललें. पंप पाणी ओढीत नसून बाहेरील हवेचा दाब तें वर ढकलतो. पाण्याची घनता १०००, गुरुत्व ९.८ आणि उंची १० मीटर यांचा गुणाकार ९८,००० पास्कल होतो. हवेचा दाबही जवळजवळ इतकाच आहे. म्हणून १० मीटरच्या पलीकडे पाणी चढत नाहीं.

आतां जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यानें स्वतःस विचारावें: मग ३० मीटर उंच वृक्षाच्या शेंड्यास पाणी कसें पोहोंचतें? प्रथम अंदाज वहींत लिहावा, मग हिशेब करावा, आणि दोन्ही ताडून पाहावे. तिप्पट दाब हवेजवळ नाहीं, हें त्यास आपसुक कळेल. डिक्सन व जॉली यांनीं १८९४ सालीं सुचविलेलें उत्तर असें कीं, पाण्याचे कण परस्परांस घट्ट धरून असतात. पानांतून बाष्प उडतांच सबंध स्तंभ वर ओढला जातो. विहिरींत पाणी ढकललें जातें, वृक्षांत खरोखरच ओढलें जातें!

हें विद्यार्थ्यानें शेजारच्या सोबत्यास स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावें. जेथें जीभ अडखळेल तेथेंच समज अपुरी आहे असें जाणावें. शिक्षकानेंही उत्तर देण्याची घाई करूं नये.

जगदीशचंद्र बसू हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनीं वनस्पतींची वाढ सूक्ष्म यंत्रानें मोजली. ही वाट उलट दिशेनेंही तितकीच खुली आहे. शेतकऱ्याच्या मुलाजवळ विहीर आहे, झाड आहे. त्यांस प्रश्न विचारण्याची संवय तेवढी लागली पाहिजे.